पुढचं मॉडेल कधी?

भाज्याच्या चैत्यगृहात सत्तावीस अष्टकोनी खांब आहेत आणि ते सगळे किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे तिरके लावत. कातळात कोरलेल्या खोलीला त्याची काही गरज नव्हती, तरी कारागिरांनी तो कल तसाच ठेवला आणि कोरीव छताखाली लाकडी फासळ्याही बसवल्या. समोरचा पडदा लाकडाचा होता, तो आता उरलेला नाही. पुढे बेडश्याच्या लेण्यात खांबांचा कल कमी झाला, व्हरांड्यातल्या खांबांवर प्राणी आणि स्वार यांची शिल्पं आली. मळवली स्टेशनच्या पलीकडे, कार्ल्याला पोचेपर्यंत खांब सरळ उभे राहिले आणि समोरचा पडदा दगडात कोरला गेला. लाकडी फासळ्या मात्र कार्ल्यालाही आहेतच.

या फरकांवरूनच अभ्यासक क्रम लावतात : आधी भाजे, मग बेडसे, मग कार्ले. क्रमाबद्दल फारसा वाद नाही. दोन लेण्यांच्या मध्ये वर्षं किती गेली, याबद्दल मात्र मतं बरीच वेगळी आहेत. राजाश्रय, व्यापाऱ्यांची दानं, कारागिरांची उपलब्धता यांपैकी काय कधी आटलं आणि काय कधी वाढलं, हे खांबांच्या कलावरून कळत नाही. मालिका क्रम सांगते, मधला काळ सांगत नाही.

डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मालिकेबद्दल अंदाज बांधताना लोक नेमकं हेच विसरतात. भाजे, मळवली, कामशेत या पट्ट्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आहेत, पत्रिका आणि फ्लेक्स करून देणारे आहेत, पुण्या-मुंबईची नोकरी घरून करण्यासाठी इकडे राहायला आलेले आहेत. त्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : आत्ता घेऊ, की नवीन येईपर्यंत थांबू? उत्तर द्यायला बसलेला माणूस बहुधा मागच्या तारखा काढतो, त्यांची सरासरी घेतो आणि पुढचा महिना सांगून मोकळा होतो.

ही पद्धत किती फसते ते ॲपलच्या मॅक मिनीवर तपासून पाहू. मी हे यंत्र निवडतो कारण त्याच्या तारखा स्वच्छ नोंदलेल्या आहेत आणि थांबणाऱ्यांची सर्वांत कठीण परीक्षा त्यानेच घेतली. मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये आला. किरकोळ फेरफार सोडले, तर त्यानंतरच्या सुधारणा अशा : फेब्रुवारी २००६, ऑगस्ट २००७, मार्च २००९, ऑक्टोबर २००९, जून २०१०, जुलै २०११, ऑक्टोबर २०१२, ऑक्टोबर २०१४. म्हणजे दहा वर्षांहून थोड्या कमी काळात आठ. सरासरी काढली तर साधारण पंधरा महिन्यांना एक. त्या हिशेबाने पुढचा मिनी २०१६ च्या सुरुवातीला यायला हवा होता. तो आला ३० ऑक्टोबर २०१८ ला. चार वर्षं! २०१६ मध्ये थांबलेल्या माणसाला वाटत असणार की आता कुठल्याही महिन्यात येईल, कारण ‘वेळ उलटून गेली’ आहे. पण वेळ उलटून जाणं ही त्या यंत्राच्या बाबतीत काही घडण्याची खूण नव्हतीच.

मग खूण कशात असते? पहिली खूण प्रोसेसरमध्ये. डेस्कटॉप बनवणारी कंपनी पेटी बनवते, आतला प्रोसेसर बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. दुसऱ्याचं वेळापत्रक घसरलं की पेटीचंही घसरतं. इंटेलने २००७ च्या आसपास ‘टिक-टॉक’ नावाची शिस्त सुरू केली : एका वर्षी ट्रान्झिस्टर लहान करायचे, पुढच्या वर्षी त्याच आकारात नवी रचना आणायची. ही घड्याळासारखी चाल काही वर्षं इतकी नियमित होती की कॉम्प्युटर कधी बदलणार याचा अंदाज कोणीही बांधू शकत होतं. मागच्या तारखांची सरासरी काढायची सवय याच काळात लागली, असं मला वाटतं.

मग ट्रान्झिस्टर लहान करणं अवघड होत गेलं. १४ नॅनोमीटरच्या पिढीला उशीर झाला. १० नॅनोमीटरची पिढी २०१७ च्या उत्तरार्धात येईल असं इंटेलने जुलै २०१५ मध्ये सांगितलं. ती मोठ्या प्रमाणावर आली २०१९ मध्ये, आणि तीही लॅपटॉपसाठी. डेस्कटॉपचं काय? ऑगस्ट २०१५ मध्ये १४ नॅनोमीटरचा स्कायलेक हा डेस्कटॉप प्रोसेसर आला होता, आणि मार्च २०२१ मध्ये आलेला रॉकेट लेकही १४ नॅनोमीटरचाच होता. डेस्कटॉपला पुढची पिढी मिळाली नोव्हेंबर २०२१ मध्ये, अल्डर लेकच्या रूपाने. लॅपटॉपनंतर दोन वर्षांनी.

डेस्कटॉप रांगेत शेवटी उभा असतो, हे इथे स्पष्ट दिसतं. त्याची कारणं व्यवहाराची आहेत. जगात लॅपटॉप जास्त खपतात. नव्या पद्धतीच्या चिप सुरुवातीला कमी निघतात, बऱ्याच वाया जातात, म्हणून ज्या यंत्रात बॅटरी वाचवण्याचं मोल जास्त, तिथे त्या आधी जातात. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या पेटीला जुनी चिप जास्त वीज देऊन थोडी वेगाने पळवता येते, म्हणून ती थांबू शकते. ॲपलने स्वतःच्या चिप बनवायला घेतल्या तरी हा क्रम फारसा बदलला नाही. एम४ ही चिप मे २०२४ मध्ये पहिल्यांदा आली ती आयपॅड प्रोमध्ये. मॅक मिनीला ती ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली.

आणि मधल्या पायऱ्या गाळल्याही जातात. एम१ चा आयमॅक एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाला, त्यानंतरचा आयमॅक ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट एम३ घेऊन आला. एम२ त्याच्या वाट्याला आलीच नाही. मॅक मिनीने एम२ घेतली आणि एम३ सोडली. मॅक स्टुडिओ तर मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी एम४ मॅक्स आणि एम३ अल्ट्रा अशा दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिपसह आला. ‘नवी चिप आली म्हणजे माझ्या पेटीतही येणार’ हा अंदाजसुद्धा म्हणूनच अर्धाच खरा. चिप असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. २०१४ ते २०१८ या काळात मिनीला चालतील अशा इंटेलच्या चिप बाजारात होत्या. कमी होतं ते कंपनीचं लक्ष. कमी खपाच्या यंत्रावर किती अभियंते बसवायचे हा निर्णय बाहेरच्या कुणालाही दिसत नाही, आणि माझ्या मते अंदाज चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

आतल्या माणसांना तरी कळतं का? जून २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावरून सांगितलं की बारा महिन्यांत तीन गिगाहर्ट्झचा जी५ येईल. तो कधीच आला नाही. प्रोसेसर आयबीएम बनवत होती आणि वेग वाढवताना उष्णता आवरेना. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे जात असल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या प्रमुखाने, स्वतःच्या यंत्राबद्दल, सर्वांसमोर दिलेली तारीख चुकली, तर बाहेरून अंदाज बांधणाऱ्याने किती खात्री बाळगावी?

मॅक प्रोची गोष्ट याहून बोलकी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये विक्रीला आलेला काळा, दंडगोल आकाराचा मॅक प्रो दोन ग्राफिक्स प्रोसेसर धरून आखलेला होता. मधोमध त्रिकोणी धातूचा गाभा, त्याच्या बाजूंना चिप, वर एकच पंखा. पुढच्या वर्षांत कामाचा ओढा एकाच मोठ्या, जास्त तापणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरकडे वळला, आणि तो या पेटीत मावेना. रचना अशी की सुधारणेला जागाच नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलने मोजक्या पत्रकारांना बोलावून हे मान्य केलं आणि नवा मॅक प्रो तयार होतो आहे, पण या वर्षी येणार नाही, असं सांगितलं. तो हाती आला डिसेंबर २०१९ मध्ये. मला यातून एक उपयोगी नियम दिसतो : पेटी उघडून पाहा. आत थोडी जास्त उष्णता सोसण्याची जागा असेल तर पुढची सुधारणा लवकर येते, कारण फक्त चिप बदलायची असते. जागा नसेल तर सगळं नव्याने आखावं लागतं.

आपल्याकडच्या अभियंत्यांनी हा धडा पुण्यात, भाज्यापासून लोकलच्या अंतरावर, फार आधी गिरवला होता. सीडॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून तीन वर्षांत स्वतःचा बनवायचा होता. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो डेस्कटॉप नव्हता, पण त्याचा प्रश्न तोच होता, कारण त्याच्याही आत दुसऱ्याची चिप होती : इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा टी८०० ट्रान्सप्युटर. इनमॉसने पुढचा टी९००० हा ट्रान्सप्युटर दहापट वेगाचा असेल असं सांगितलं होतं. तो लांबत गेला आणि सांगितलेला वेग त्याला कधी गाठता आला नाही. त्याच्या भरवशावर जगभर जे थांबले होते, ते थांबूनच राहिले.

सीडॅकने परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० प्रोसेसर जोडून घेतला. १९९४ च्या परम ९००० मध्ये तर रचनाच अशी केली की प्रोसेसर बदलता यावा. या एकाच आराखड्याच्या सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि डेक अल्फा अशा वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर उभा राहिला, २००३ चा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर. दहा-बारा वर्षांत प्रोसेसर पुरवणाऱ्या कंपन्या बदलत गेल्या, मालिका चालू राहिली. कुठली चिप कधी येईल याचा अचूक अंदाज बांधण्यापेक्षा, अंदाज चुकला तरी काम अडणार नाही अशी रचना करणं या लोकांनी पसंत केलं. मराठी वाचकाला महासंगणकाची ही कहाणी बहुधा अमेरिकेच्या नकाराची आणि आपल्या जिद्दीची म्हणून माहीत असते. मला तिचा हा दुसरा भाग तितकाच मोठा वाटतो.

कंपन्या पुढची तारीख आधी का सांगत नाहीत, याचं उत्तर ॲडम ऑस्बोर्न यांच्या नावाला चिकटलं आहे. हा माणूस भारताशी घट्ट जोडलेला होता. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त, त्यामुळे ॲडमचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं. शेवटची वर्षंही त्यांनी तमिळनाडूतच, कोडैकानलला काढली, आणि २००३ मध्ये तिथेच ते वारले. एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी ऑस्बोर्न १ हा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर आणला. किंमत १७९५ डॉलर, वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंची. तो धडाक्याने खपला. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रचलित कथा अशी की पुढच्या, जास्त चांगल्या मॉडेलची वाच्यता आधीच झाली, ग्राहक थांबले, गोदामात जुना माल पडून राहिला आणि रोकड संपली. नंतरच्या काहींनी हे कारण पुरेसं मानलेलं नाही. कायप्रोसारखे मोठ्या पडद्याचे प्रतिस्पर्धी आणि कंपनीतला ढिसाळ हिशेब यांनाही ते तितकंच जबाबदार धरतात. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण उद्योगाने भीती घेतली ती पहिल्या कथेची, आणि ‘ऑस्बोर्न परिणाम’ हे नाव रूढ झालं. तेव्हापासून पुढच्या मॉडेलबद्दल मौन पाळणं हा धंद्याचा नियम झाला.

मौन पाळलं तरी यंत्र बनवताना माग राहतातच, आणि काही माग सरासरीपेक्षा फार भरवशाचे आहेत. रशिया, कझाकस्तान वगैरे देशांच्या युरेशियन आर्थिक आयोगाकडे एन्क्रिप्शन असलेल्या उपकरणांची नोंद करावी लागते. ॲपलच्या न आलेल्या यंत्रांचे मॉडेल क्रमांक तिथे अनेकदा आधीच दिसलेले आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या चाचणी आवृत्तीत अज्ञात यंत्रांची नावं सापडतात. दुकानातल्या साठ्याकडे पाहिलं तरी कळतं : एखाद्या मॉडेलच्या महागड्या, मागणीनुसार बनवून मिळणाऱ्या आवृत्तीची डिलिव्हरी अचानक दोन-चार आठवड्यांनी लांबली, तर कारखाना जुने भाग मागवायचा थांबला असण्याची शक्यता असते. कधीकधी कंपनी स्वतःच सांगून जाते. जून २०२० मध्ये ॲपलने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना नव्या चिपच्या तयारीसाठी जे यंत्र दिलं ते मॅक मिनीच्याच पेटीत होतं. पाच महिन्यांनी एम१ च्या पहिल्या तीन यंत्रांत मिनी होता.

भारतात आणखी एक पायरी मध्ये येते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन, अगदी लहान आकाराचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्या आयातीला परवाना लागेल असा आदेश काढला. दुसऱ्याच दिवशी त्याला ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आणि १ नोव्हेंबरपासून आयातीवर नोंदणी व मंजुरीची पद्धत आणली. आयमॅक ऑल-इन-वनमध्ये मोडतो, मॅक मिनीसारख्या पेट्या लहान आकाराच्या कॉम्प्युटरमध्ये. साधा टॉवर, जो पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग घेऊन जोडून मिळतो, या यादीत नव्हता. त्या ऑगस्टमध्ये ज्यांनी सप्टेंबरच्या खरेदीचा बेत केला होता, त्यांचे अंदाज चिपमुळे बदलले नाहीत, दिल्लीच्या एका अधिसूचनेने बदलले.

मराठीत काम करणाऱ्याला तर नवं यंत्र कधी येतं यापेक्षा जुनं कधी सोडता येतं, हा प्रश्न जास्त छळत आला आहे. भारतीय लिप्यांची अक्षरं दाखवणारं, आयआयटी कानपूरला जन्मलेलं आणि सीडॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरच्या आत आयएसए स्लॉटमध्ये बसायचं. मदरबोर्डवरून ते स्लॉटच नाहीसे झाले तेव्हा कार्ड असूनही उपयोग उरला नाही. पुढे श्रीलिपीसारखी पॅकेजं हार्डवेअर लॉकसह आली, आणि लॉक प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणारं असेल तर ते पोर्ट नसलेला नवा डेस्कटॉप घेणं म्हणजे अक्षरंच गमावणं. त्यातून पानं जुळवायच्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. छोट्या छापखान्यांत विंडोज एक्सपीचा टॉवर वर्षानुवर्षं का जपून ठेवला गेला, याचं कारण तिथे सापडतं. मालकाची कंजुषी म्हणून ते उडवून लावणाऱ्यांनी त्या टॉवरमध्ये वीस वर्षांची कामं साठवलेली आहेत हे लक्षात घ्यायला हवं.

म्हणून माझा सल्ला असा असतो की ज्या तारखांचा अंदाज करावा लागत नाही, त्या आधी मांडून घ्याव्यात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही तारीख अनेक वर्षं आधी जाहीर होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक टॉवर बाद. इंटेलचे मॅक वापरणाऱ्यांना ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलं की मॅकओएस टाहो ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. या तारखा पक्क्या आहेत, आणि नवं मॉडेल मार्चमध्ये येतं की ऑक्टोबरमध्ये यापेक्षा आपल्या कामावर त्यांचा परिणाम मोठा आहे.

दुसरी पक्की तारीख आपल्या धंद्याची. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला तुळशीच्या लग्नानंतर उसंत नसते. ॲपलने डेस्कटॉप अलीकडे अनेकदा ऑक्टोबरच्या अखेरीला जाहीर केले आहेत, म्हणजे नवं मॉडेल आलं तरी ते मिळून, एडिटिंगचं सॉफ्टवेअर लावून, जुनी हार्डडिस्क उतरवून तयार व्हायला हंगामाचे पहिले मुहूर्त उलटून जातात. त्याने एकतर पावसाळ्यात, भाज्याच्या धबधब्याला गर्दी असते तेव्हा, आहे ते मॉडेल घ्यावं आणि दोन महिने हात बसवावा, नाहीतर सरळ लग्नसराई संपेपर्यंत जुन्यावर काढावं आणि मे-जूनमध्ये बाजारात असेल ते उचलावं. जाहीर होण्याच्या आधीच्या आठवड्यांत दुकानदार जुन्या साठ्यावर सूट देतात, तीही घेण्यासारखी असते, पण काम अडलेलं नसेल तरच. पत्रिका छापणाऱ्याने मात्र पैसे देण्याआधी एक गोष्ट करावी : जुन्या कामाची एक फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जावं आणि ती नव्या यंत्रावर उघडून, जोडाक्षरं नीट येतात का ते पाहावं.